फील्ड पॅरामेडिकचा फॉर्म

दुकान म्हटलं की दोन गोष्टी न मागता साठतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ सकाळी फडकं मारलं की जाते. किस्से जात नाहीत. उलट एक झटकला की त्याच्यामागं दडलेले दोन बाहेर येतात!

आमचं दुकान येरमाळ्यात, हमरस्त्याला लागून. आधी नारळ आणि हळद-कुंकू विकायचो, मग झेरॉक्स आली, मग कॉम्प्युटर आला. दहावीला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, पण तालुक्यातल्या कितीतरी पोरापोरींचे नोकरीचे फॉर्म ह्या हातानं भरलेत. इंग्रजी शिकलो तीही फॉर्म वाचूनच. म्हणून मला ‘आय लव्ह यू’ उशिरा कळलं, ‘ऑल फील्ड्स आर मँडेटरी’ आधी!

दुकानापुढं एक बाकडं आहे. ते तुळशीराम नानांचं. नाना एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण तपासणीची सवय गेली नाही. कोण आलं, कशाचा फॉर्म, कुठली नोकरी, सगळं विचारतात. ह्या उन्हाळ्यात त्यांना एकच फॉर्म पुरला. प्रज्ञाचा.

*

प्रज्ञा आमच्याच गावची. वडील ग्रामपंचायतीचं पाणी सोडतात, आई शेतात मजुरीला जाते. पोरीनं बारावीनंतर इमर्जन्सीचा डिप्लोमा केला आणि बार्शीच्या एका खाजगी दवाखान्यात दोन वर्षं काढली. एके दिवशी मोबाइल पुढं धरून दुकानात आली.

“अप्पा, ह्यो फॉर्म भरायचाय. जागा एकच हाय.”

शेजारच्या वाशी तालुक्यातल्या माळावर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या एका कंपनीला साइटवर ‘फील्ड पॅरामेडिक’ पाहिजे होता.

मी म्हटलं, “अगं, दवाखान्यातली नोकरी चांगली सावलीतली हाय की!”

“दवाखान्यात पेशंट उशिरा येतो, अप्पा. निम्मं काम वाटंतच बिघडलेलं असतं. मला तिथं जायचंय, जिथं माणूस पडलाय.”

नाना बाकड्यावरून वळले. “पॅरामेडिक म्हंजे कंपाउंडरच की!”

“न्हाय नाना. कंपाउंडर पेशंटची वाट बघतो. आमी पेशंटकडं जातो.”

“म्हंजे कंडक्टर! पॅसेंजर दिसंल तिथं गाडी थांबवायची!”

प्रज्ञा म्हणाली, “नाना, तुमी तिकिटाशिवाय एखाद्याला तरी गाडीत घेतलंय का? आमी आधी घेतो, नाव मागनं विचारतो!”

त्या दिवशी नाना चहा घेईपर्यंत गप्प होते. आमच्याकडं हा विक्रम आहे.

*

फॉर्म भरायला बसलो. नाव, गाव, पिनकोड झालं. पुढं एक प्रश्न आला: उंचीवर काम करण्याची तयारी आहे का? होय किंवा नाही.

नेमकी तेव्हा तिची आई, शांताबाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यानं चालली होती. लेक दिसली म्हणून दारात थांबली.

“अप्पा, उंचीवर म्हंजे किती?”

मी स्क्रीनकडं बघितलं आणि आवाज जरा बारीक केला. “ऐंशी मीटर, बाई. पण रोज न्हाय. कुणी वर अडकलं तरच.”

“आपल्या देवीच्या डोंगराएवढं?”

“डोंगराला पायऱ्या हायत. ह्याला आतनं शिडी.”

शांताबाईंनी भारा खाली ठेवला. “न्हाय म्हणून लिवा! लहानपणी चिंचंवरनं पडली व्हती ही. हात मोडला व्हता. तीन कोस बैलगाडीत रडत नेली व्हती, इचारा तिला!”

मी प्रज्ञाकडं बघितलं. माउस माझ्या हातात, पण फॉर्म तिचा.

ती म्हणाली, “म्हणूनच होय करा, अप्पा. पडल्यावर तीन कोस किती लांब असतंय, ते बाकीच्या उमेदवारांना ठाऊक नसंल!”

शांताबाई वाकल्या. भारा उचलून डोक्यावर घेतला आणि जाता जाता मला म्हणाल्या, “शिडी मजबूत हाय का, तेवढं फोन करून इचारा.”

*

फोटोचीही एक गंमत झाली.

माझ्या कॉम्प्युटरात एक काळा कोट आहे. माणूस बनियनवर आला तरी फोटोत मी तो कोट चढवतो, वर टाय लावतो. बँकेत, पतसंस्थेत, शाळेत, कुठंही जा. माझ्या एकाच कोटात निम्मा कळंब तालुका नोकरीला लागलाय!

प्रज्ञा म्हणाली, “मला कोट नको.”

“अगं, इम्प्रेशन पडतंय.”

“अप्पा, पेशंट उचलायला कोटवाला आला तर तुमी त्याच्या हवाली व्हाल का?”

मी बिनकोटाचा फोटो काढला. नाना मागून म्हणाले, “उरला असंल तर मला घाला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय.”

मी म्हटलं, “नाना, तिथं जिवंत दिसलं तरी चालतंय. कोट कशाला?”

“जिवंत तर रोजच दिसतो. एकदा साहेब म्हणून दिसू द्या!”

*

सगळ्यात अवघड निघाला अनुभवाचा दाखला.

दवाखान्यात दोन वर्षं काम केलेलं, पण तिथले मॅनेजर दाखला द्यायला तयार नाहीत. पहिल्या खेपेला म्हणाले, डॉक्टर बाहेरगावी. दुसऱ्या खेपेला लेटरहेड संपलं. तिसऱ्या खेपेला म्हणाले, “मॅडम, तुम्ही सोडून चाललात, आम्हाला माणूस कुठं मिळतं? पुढच्या महिन्यात बघू.” फॉर्मची मुदत चार दिवसांवर!

प्रज्ञा बार्शीच्या गाडीतून उतरली आणि दुकानापुढं पाणी प्यायली. मी म्हटलं, “दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्याचा आणू या. ओळखीचे हायत.”

“काम तिथं केलंय, अप्पा. दाखलाबी तिथलाच आणणार.”

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. ह्या वेळी मॅनेजरच्या खोलीकडं फिरकलीच नाही. खिडकीवर केसपेपर काढला आणि पेशंटांच्या रांगेत बसली! तासाभरानं नंबर आला. डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं, “काय त्रास होतोय?”

“सर, तीन आठवड्यांपासून अनुभवाचा दाखला मिळत न्हाय.”

डॉक्टरांनी मान वर केली. ओळखलं. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. हसले नाहीत, रागावले नाहीत. पेन उचललं आणि केसपेपरवर औषध लिहितात तसं लिहिलं: अनुभवाचा दाखला, एक. आजच. मॅनेजरनं उपाशीपोटी द्यावा.

मॅनेजरनं जेवायच्या आत दिला!

*

मुलाखतीची तयारी ती आमच्या बाकड्यावरच करायची. एका दुपारी तिला पाय मोडलेला पेशंट पाहिजे होता. नाना म्हणाले, “घे माझा पाय. तसाबी रिकामाच हाय.”

तिनं दोन लाकडी पट्ट्या लावल्या, घोट्यापासून मांडीपर्यंत पाय असा बांधला की नानांना उठता येईना. तेवढ्यात तिला घरून फोन आला आणि ती गेली. नाना बाकड्यावर पाय लांब करून बसलेले.

पहिल्यांदा दूधवाला थांबला. मग दोन कंडक्टर उतरले. मग बाया आल्या. अर्ध्या तासात बातमी गावभर: नाना बसखाली आले! कुणी केळी आणली, कुणी बिस्किटाचे पुडे. एका माउलीनं तर बोकडाच्या पायाचं सूप आणलं.

मी म्हटलं, “नाना, आता खरं सांगून टाका.”

“सांगतो की. दम धरा.”

संध्याकाळी प्रज्ञा पट्टी सोडायला आली, तर नाना म्हणतात कसे, “पोरी, हाड जुळायला निदान तीन दिवस तरी लागत असतील न्हाय?”

*

मग तो मेल आला. मीच आधी वाचला. फॉर्म भरताना आम्ही माझाच ईमेल दिला होता.

‘आपली पात्रता समाधानकारक आहे. तथापि साइटवर महिला कर्मचाऱ्यांच्या निवासाची सोय नसल्याने आपला अर्ज पुढे नेता येत नाही.’

मी तीनदा वाचला. शेवटी इंग्रजीत ‘रिग्रेट’ही लिहिलं होतं, आणि हा शब्द मला कुठल्याही लिपीत ओळखू येतो. नानांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून परत वाचला.

प्रज्ञा आली. वाचलं. तिचा चेहरा असा झाला, जसा पोरांचा नापासाचा निकाल बघून होतो. मी चाळीस वर्षं धंदा केलाय. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं म्हणून मी कधी शटर ओढलं नाही. ‘नको’ म्हणजे त्याला अजून नीट सांगितलेलं नसतं, एवढंच.

मी म्हटलं, “पोरी, ह्यात तुला नको म्हटलंय का खोलीला?”

तिनं परत वाचलं. “खोलीला.”

“मग खोली बाजूला काढ.”

खाली नंबर होता. तिथल्या तिथं लावला, स्पीकरवर. पलीकडं कुणी साहेब होते, घाईतले.

“मॅडम, कंपनीचं धोरण आहे. राहायची सोय नाही.”

“सर, मी राहायची सोय मागितलीय का? फॉर्मात बघा. वाशीत माझी मावशी राहते, तिथनं साइट जवळ हाय. खोली माझी मी बघते. तुमी फक्त पेशंट दाखवा.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज.

“आणि सर, साइटवर बाया कामाला हायत का न्हाय? माती टाकायला, सिमेंट कालवायला?”

“आहेत.”

“त्यांना लागलं तर?”

पलीकडं साहेबांनी कुणाला तरी गुरुवारचं विचारलं. मग साहेब म्हणाले, “गुरुवारी अकराला या. प्रॅक्टिकल आहे.”

फोन ठेवल्यावर तिचे हात कापत होते. नाना म्हणाले, “आता कापतेस व्हय? बोलताना तर साहेबाचे कापत व्हते!”

*

गुरुवारी साइटवर एस.टी. जात नाही म्हणून मी माझ्या गाडीवर तिला घेऊन गेलो. उघडा माळ, मुरमाचा रस्ता, आणि मान मोडेपर्यंत वर बघावं अशा पवनचक्क्या. सात उमेदवार. पोरगी ही एकटी. तपासायला तिघं: पुण्याहून आलेले निळ्या शर्टातले मोठे साहेब, साइटचे सेफ्टीवाले, आणि एक एचआर मॅडम.

परीक्षा अशी की एका कामगाराला खाली निजवलेलं. तो शिडीवरनं पडलाय, पाठीला लागलंय, असं समजायचं. बॅग उघडायची आणि कामाला लागायचं.

पहिल्या सहा जणांनी पुस्तकासारखं केलं. पण आमचा मुलूख तुम्हाला ठाऊक आहे. माणूस आडवा दिसला की लोक जमणारच! पहिल्या उमेदवाराला दोघं बघत होते, सहाव्यापर्यंत पंचवीस झाले. शेळ्यांसकट एक मामा आले. एका आज्जीनं कांदा फोडून पेशंटच्या नाकाला लावला. कुणी पाणी पाजलं. पेशंट बिचारा सहा वेळा पडून आठ तांबे पाणी प्यायला होता! तिघं परीक्षक कागदावर खुणा करत होते आणि उमेदवार गर्दीतून हात घालून पट्ट्या शोधत होते.

मग प्रज्ञाचं नाव पुकारलं.

ती पळतच गेली, गुडघ्यावर बसली आणि पहिल्यांदा पेशंटचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. “दादा, मान हलवू नका. मी हाय.” मग मान वर करून असा आवाज लावला की शेळ्यासुद्धा थांबल्या.

“आज्जी, कांदा खाली ठेवा, पदर धरा ह्यांच्या तोंडावर, ऊन लागतंय! मामा, शेरडं मागं न्या आणि संगं ही माणसंबी मागं न्या! अप्पा, ती सलाईनची बाटली वर धरा. हात खाली आला तर बघा!”

मी धरली. पाहुणा म्हणून गेलो होतो, स्टँड झालो!

सेफ्टीवाले जवळ उभे होते. “सर, बसा खाली. हे डोकं असंच धरा. असं न्हाय, असं!” ते बसले. “मॅडम, नाडी मोजते, आकडा लिहून घ्या.” मॅडमनी आपला मार्कांचा कागद उलटा केला आणि त्याच्यामागं लिहायला लागल्या.

आता रिकामं एकच माणूस राहिलं होतं.

“तुमी! निळा शर्ट!”

साहेबांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“तुमीच! फाइल ठेवा खाली. त्या वळणावर जाऊन उभं ऱ्हावा. मुरमाची धूळ ह्यांच्या अंगावर यायला नको. एकबी गाडी सोडायची न्हाय, मी सांगेपर्यंत!”

“अहो, मी इथं परीक्षक...”

“नंतर, सर! आधी पळा!”

आणि साहेब पळाले. बूट घातलेले, पोट सुटलेलं, पण पळाले!

पेशंट फळीवर घेतला, पट्टे आवळले, चौघांनी उचलला, साइटच्या अँब्युलन्समध्ये ठेवला. कुठंही धक्का नाही. आज्जीनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, “ही पोरगी हितंच ऱ्हाणार असंल तर बरं व्हईल बाई.”

माझा हात खांद्यातून गेला होता. सेफ्टीवाले गुडघे झाडत उठले. एचआर मॅडम प्रज्ञाजवळ आल्या, कागद सुलटा केला आणि विचारलं, “तुम्ही कधीपासून येऊ शकाल?”

प्रज्ञा उत्तर देणार, तेवढ्यात वळणाकडून हॉर्नचा कल्लोळ आला. बघतो तर दोन ट्रॅक्टर, एक दुधाची जीप आणि सिमेंटचा टँकर रांगेत उभे, आणि त्यांच्यापुढं भर उन्हात दोन्ही हात आडवे करून मोठे साहेब!

सेफ्टीवाल्यांनी तोंडाला हात लावून हाक मारली, “सर, झालं! सोडा गाड्या! या परत!”

साहेबांनी हात तसूभर खाली घेतले नाहीत. तिथूनच ओरडले,

“तुम्ही नका सांगू! त्यांना सांगू द्या!”