पुऱ्या रोजाचे कान

नाशकात द्वारकेच्या अंगाला पितळी भांड्यांचा एक कारखाना होता. काम मागायला कुणी आलं की यादव मुकादम त्याच्या हातात एक घागर द्यायचा आणि मागं जाऊन हळूच हाक मारायचा. माणूस वळला तर तो शिकाऊ, त्याला अर्धा रोज. नाही वळला, तर ठोक्यांनी कान गेलेला जुना कारागीर! त्याला पुरा रोज, वर सणाची बक्षिसी.

जमील विणकराच्या घरातला. एकोणीसशे बत्तीस साली घरचा माग बंद पडला, म्हणून तो इथं आला. हाक त्याला स्पष्ट ऐकू आली. पण मान ताठ ठेवून तो घागरच न्याहाळत राहिला आणि पुऱ्या रोजावर लागला. हाताचं कसब त्यानं शेजारच्याकडे बघून उचललं. हाकेला वळायचं नाही, ही सवय मात्र त्यानं मुद्दाम लावून घेतली.

कारखान्यात बोट तुटलं तर भरपाई मिळायची. कानांची भरपाई कोण मागणार? पगारच मुळी त्यांच्यावर ठरलेला!

कारखान्यात ठोके घालत बरीच वर्षं गेल्यावर त्याला मुलगी झाली, शकीला. ती पहिल्यांदा ‘अब्बा’ म्हणाली, तेव्हा जमील तिच्याकडे पाठ करून जेवत होता. बायको रोशनबी आनंदानं ओरडली, “ऐकलंत का? अब्बा म्हणाली!” मग हसून म्हणाली, “पुरे झालं ते सोंग. इथं मुकादम नाही, वळा की!”

जमीलनं भाकरीचा पुढचा घास मोडला.