बुंदीची लॉगशीट

नेरूळला आमच्या शेजारी राहणारे नंदकुमार काका पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर होते. दर दोन तासांनी यंत्रांचे आकडे बघून लॉगशीटवर लिहायचे, हे काम. जागचं न उठता अंदाजाने रकाने भरायचे, त्याला तिथे 'टेबल रीडिंग' म्हणत. काका त्यात पटाईत. "माझा आकडा कधी चुकला नाय," हे अजून ऐकवतात.

"आता यांच्याकडे एवढंच यंत्र उरलंय," असं स्मिताकाकू बुंदीबद्दल म्हणतात. बुंदी म्हणजे त्यांची मधुमेही मांजर. इन्सुलिनचा डोस वाढवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजा. सकाळी आठला इंजेक्शन देऊन काकांनी कागद आखला आणि सवयीने संध्याकाळपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकले.

"अहो, मांजर आहे ती, बॉयलर नाही!" काकू ओरडल्या. "रीतसर टोचून बघा."

दहाला काकांनी बुंदीच्या कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला. कागदावर २४६, मीटरवर २४६. काका खूश. बाराला दोन्हीकडे १६८. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग काकूंनी खालचे रकाने वाचले. दोनला ४१. चारला आकडाच नव्हता. यंत्र थांबलं की कंपनीत लिहायचे तसं 'बंद' लिहिलं होतं. काकूंना पुढे वाचवेना.

"हे काय लिहून ठेवलंत?"

"मी नाय लिहिलं."

"अक्षर तुमचंच आहे."

दोनला बुंदी उठली आणि तिचे मागचे पाय लटपटले. मीटरवर ४१. डॉक्टर फोनवर म्हणाले, हिरड्यांना मध चोळा, दर पंधरा मिनिटांनी मोजा, शुद्ध गेली तर लगेच घेऊन या. काकू मध चोळत राहिल्या. काका दोन आणि चारच्या मधल्या फटीत बारीक अक्षरात लिहू लागले, आधी मोजून मग लिहून. ५२. ६६. ८३. बुंदीने काकूंचं बोट चाटलं.

चारला मीटर सुरूच झालं नाही. सेल संपला होता.

"मीटर बंद पडलंय हो, आपली बुंदी नाही!" काकू हसता हसता रडल्या.

काका हसले नाहीत. ते माझ्याकडे आले. मी वजनकाट्यातला सेल काढून त्यांच्या घरी जाऊन मीटरला लावला. काकूंनी बुंदीचा थेंब घेतला. ९७.

काकांनी पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. माझ्या हाताने नको."

मी लिहिलं. सहाच्या रकान्यावर त्यांनी तळहात घट्ट दाबून धरला होता.