तपासणीत काहीच निघालं नाही

लिफ्टवाले काका निवृत्त झाले, त्यांचं ते नाव मात्र निवृत्त झालं नाही. उभा जन्म लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेला. दर महिन्याला दोर बघायचे, ब्रेक बघायचा, तेल घालायचं. लिफ्ट बंद पडली की माणसं जिने उतरून त्यांना शोधत यायची, वर चहा पाजायची. चालू लिफ्ट तपासायला गेलं तर कुत्रंही विचारत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिनंच बापाचा आरोग्य विमा काढला होता आणि त्यात वर्षातून एकदा सगळी तपासणी फुकट होती. "रोग यायच्या आधीच पकडायचा, बाबा," असं ती दर फोनला बजावायची आणि काका टोलवाटोलवी करायचे. या खेपेला मात्र ते एका शब्दात तयार झाले, कारण लेक बोलता बोलता म्हणून गेली होती, "काही निघालं ना, तर मी धावत येते. रजेचं बोलूनच ठेवलंय."

बापाच्या मनात काय आलं, ते वेगळं सांगायला नको. काहीतरी निघावं. जिवावर बेतणारं मुळीच नको. चार दिवस लेकीनं घरात वावरावं, पथ्यावरून दटावावं, एवढ्यापुरतंच. विचार करून काकांनी मधुमेह पसंत केला. नावानं माणसं घाबरतात आणि रोगी काही लगेच मरत नाही.

तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. निघताना काकांनी डबा उघडला आणि साखरेचा फक्का मारला. कमी पडायला नको म्हणून आणखी एक.

"काही खाल्लंत का, काका?" नर्सनं विचारलं.

"छे!"

"मिशी वेगळंच सांगतेय," ती हसू दाबत म्हणाली. "उद्या या. आणि साखरेचा डबा शेजारी ठेवून या."

दुसऱ्या दिवशी काका मुकाट उपाशी गेले. रक्त झालं, छातीचा आलेख झाला, डोळे झाले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिले. "अगदी ठणठणीत आहात हो!"

"गुडघा दुखतो की," काकांनी चिकाटी सोडली नाही.

"रोज चाला, थांबेल."

"झोप लागत नाही."

"घरी एकटेच असता?"

काकांनी मान डोलावली. बाईंनी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "यावर गोळी नाही देत मी," त्या हळूच म्हणाल्या.

घरी येऊन काकांनी लेकीला फोन लावला आणि काही निघालं नाही म्हणून सांगितलं.

"जिवात जीव आला, बाबा! आता साहेबांना सांगते, रजा नको म्हणून."

"सांग की," काका म्हणाले. आणि आजवर एकदाही न बोललेलं तोंडातून निघून गेलं, "काही नाही निघालं, तरी ये की गं."

"बाबा, ही रजा आईवडील आजारी असले तरच मिळते. तुम्ही ठणठणीत आहात. काय सांगू मी त्यांना?"

"तेही खरंच," काका म्हणाले.

मग बोलायला काही उरलं नाही, पण दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना.