आधी ओटीपी, मग नेट

मंडळी, आज सकाळी माझा नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमची आजवरची सगळ्यात मोठी चूक कोणती?" आणि ऐरोलीतल्या आमच्या घरचं नेट गेलं.

कस्टमर केअर म्हणे, मोडेम बंद करून चालू करा. आठवडाभर दुसरं काय करतेय मी?

मग टेक्निशियनसाहेब उगवले. मोडेमकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, सिग्नल ओके हाय, तुमचा लॅपटॉप जुना हाय. ओटीपी सांगा, कंप्लेंट क्लोज करतो."

मी त्यांना दाराबाहेर नेलं. पॅसेजमध्ये केबलचा जोड दुधाच्या पिशवीत गुंडाळून सेलोटेपने चिकटवलेला. आतला कनेक्टर पार गंजलेला.

"हे कुणाचं काम?"

"माझंच. मागच्या आठवड्यात टेम्पररी केलेलं."

नवा कनेक्टर लावायला पाच मिनिटं लागली. मोडेमचा लाल दिवा हिरवा झाला.

कंपनीच्या लेखी मात्र माझी पहिली तक्रार मागच्या आठवड्यातच सुटली होती. तेव्हा साहेब घाईत होते, म्हणून मीच नेट न तपासता ओटीपी देऊन टाकला होता.

त्या बाईंचा परत फोन आलेला नाही. आला, तर उत्तर तयार आहे. तुमचंही हेच आहे का?