पैठणचा समुद्र

बाटलीचं तोंड माझ्या दातांवर आदळलं. खालचा ओठ फाटला.

"पी रे टँकर," सर हसत म्हणाले. "हे समुद्राचंच पाणी आहे का, अशी समितीला शंका आहे. चाखून सांग."

मी सरांच्या विभागातला कंत्राटी संशोधन सहायक. पोरीला माझी मिशी पांढरी दिसायला लागलीय, एवढं वय. माझ्या गावाला बारमाही टँकर, आणि मी लागलो राखीव जागेवर. म्हणून सरांनी नाव पाडलं होतं, "आरक्षणाचा टँकर."

समुद्र आणि हवामानाच्या अभ्यासासाठी विद्यापीठ आणि सरकारची भागीदारी होती. सरकारनं पैसा आणि बोट द्यायची, आम्ही समुद्राचं पाणी आणून तपासायचं. हे काम कसं चाललंय ते बघायला दिल्लीची समिती आली होती. तिनं मान डोलावली तर पुढची वर्षं मंजूर, माझी नोकरीही. नाहीतर सगळं बंद.

मी घोट घेतला. रक्त आणि मीठ. पोटातून उसळलं, गालिच्यावर पडलं. टेबलाभोवती हशा. भागीदारी सांभाळणारा सरकारी अधिकारी सगळ्यात मोठ्यानं हसला. समितीच्या अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. "खारा है?"

मी बाहीनं ओठ पुसला. ती चव ओळखीची होती.

बोट कधी निघालीच नव्हती. पैसा सर आणि त्या अधिकाऱ्यात जिरला होता. समिती येणार म्हटल्यावर सरांनी ड्रायव्हर रफिकभाईंना कॅन देऊन पैठणला पिटाळलं. धरणाचं पाणी आलं. मिठाचे पुडे मी आणले. मीच ओतले. मीच ढवळलं.

रफिकभाई बघत होते. "क्या मियाँ, पैठण में समंदर कबसे आया?"

मी हसलो. हो, हसलो. पुंडलिकनगरच्या खोल्यांचं भाडं, पोरीची फी, बायकोचं "यंदा तरी पक्कं करतील ना हो?" हे सगळं त्या कॅनमध्ये घातलं आणि ढवळत राहिलो.

समितीसमोरून सरांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. कॉलर आवळली. डोकं भिंतीवर आपटलं. परत आपटलं.

"'खारं आहे, समुद्राचंच आहे.' एवढंच बोलायचं. आमचं मीठ खाल्लंयस. जाग त्याला."

आमचं मीठ. माझ्या आज्यालाही गावचा पाटील हेच म्हणायचा, पाठीत काठी घालून. आजा मान खाली घालायचा. बापानं घातली. मीही घातली होती. पण हे मीठ तर मी माझ्या हातानं ढवळलं होतं. यांचं कुठलं?

मी आत गेलो.

"सायेब, हे पाणी पैठणच्या धरणाचं हाय. मीठ म्या टाकलं."

तोंडून गावच बाहेर पडलं. अध्यक्षांनी सरांकडं पाहिलं. "क्या बोला ये?"

"कुछ नहीं सर. तबीयत ठीक नहीं उसकी."

मग मी हिंदीत सांगितलं. "पैठण के डॅम का पानी है. नमक मैंने डाला. इन्होंने डलवाया. समंदर पे कोई गयाच नहीं."

सरांनी बाटली फेकून मारली. ती माझ्या कानशिलावर फुटली. काचा, खारं पाणी, रक्त, सगळं मानेवरून सदऱ्यात गेलं. मी पडलो नाही. टेबलाची कड धरून उभा राहिलो.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "चलिए, खाना खा लेते हैं."

सगळे उठले. मला वळसा घालून गेले.

दवाखान्यात रफिकभाईंनी नेलं. गाडी चालवताना ते एवढंच म्हणाले, "मैं भी बोलूँगा. कॅन मैंने भराया."

नोकरी गेली. भागीदारी बहुधा मंजूर होईल. ढवळणारा हात माझा होता, तो मी लपवणार नाही. तोच हात वर करून चौकशीत उभा राहीन, कोर्टात उभा राहीन, पुढची समिती आली की तिच्या गाडीसमोर उभा राहीन. विचारतील त्यांना सांगेन. विचारणार नाहीत त्यांना अडवून सांगेन.

ओठाला टाके पडलेत. तोंडाला नाही.