मिशीबाईंची करंगळी

आमच्या मिशीबाईंना मिशी नव्हती. त्या ती दुसऱ्यांना लावायच्या. महाल भागातली आमची मुलींची शाळा. पुरुष म्हणाल तर भिंतीवरच्या तसबिरींत, तेही हार घातलेले. मग गॅदरिंगच्या नाटकात राजा हवा, सेनापती हवा, तर आणायचा कुठून? बाई काजळाच्या डबीत करंगळी बुडवायच्या आणि समोरच्या मुलीच्या ओठावर दोन फटकारे ओढायच्या. "हं, झाला पुरुष. फार काही लागत नाही वं त्याले," म्हणायच्या.

मी ताडमाड, म्हणून कायमची राजा. पडदा वर गेला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "बसा!" की सगळा दरबार धाडकन बसायचा. मला आपलं वाटायचं, जगात आपल्याला घाबरवणारं कोणी जन्मालाच आलं नाही.

शाळा संपली, काजळ पुसलं गेलं, आणि कळलं की खरा पुरुष समोर आला की माझी दातखीळ बसते. दुकानदाराकडे साखर मागायची तर मी बोटानं पोतं दाखवायची! मला पाहायला लोक यायला लागले तेव्हा तर कहरच. एका घरून निरोप आला, मुलगी छान आहे, पण मुकी आहे हे आधी सांगायला हवं होतं.

आई मला घेऊन रडतच बाईंकडे गेली. "तुमच्या शाळेनं माह्या पोरीले मुकं करून टाकलं."

बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काहून वं? स्टेजवर तर तुह्या आवाजानं पडदा हालते. पुढच्या वेळी मिशी लाव. मनातल्या मनात."

पुढच्या वेळी हिंगण्याच्या कारखान्यातला मुलगा आला, सोबत वडील आणि मामा. वडिलांनी नाव विचारलं. मी ओठावरून करंगळी फिरवली, श्वास घेतला, आणि तोंडातून काय निघावं? "बसा!"

बसलेलेच होते सगळे. मामा तेवढे घाबरून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मुलाला हसता हसता पोह्यांचा ठसका लागला. होकार त्यानंच दिला. "हिच्या राज्यात राहाले हरकत नाही," म्हणे. अजून राहून राहिले बिचारे.

आता बाई नाहीत. माझी करंगळी मात्र बँकेत, दवाखान्यात आपोआप वर जाते. नात विचारते, "आजी, ओठाले काय झालं?" मला बाईंचा निरोप समारंभ आठवतो.

स्टेजवर संस्थेचे सगळे पुरुष. भाषणं झाली: बाई किती सोशिक, कधी एका शब्दानं तक्रार नाही. मग शाल-नारळ घेऊन बाई माईकसमोर उभ्या राहिल्या, आणि गप्प. ओठ हलेनात. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाई याच शाळेत शिकल्या, याच शाळेत शिकवायला लागल्या. पुरुषांसमोर बोलायची वेळ त्यांच्यावर तरी कधी आली होती? तिकडे सेक्रेटरी आभार मानायला उठलेसुद्धा. मी मागच्या रांगेतून राजाच्या आवाजात ओरडले, "बाई, मिशी!"

जुन्या मुली खो-खो हसल्या. बाईंनी नारळ टेबलावर ठेवला, ओठावरून करंगळी फिरवली, आणि सेक्रेटरींकडे वळून गरजल्या, "बसा! माझं झालं नाही अजून."