हललेलं येत नाही

होळी उलटून आठवडा झाला असेल. गडचिरोलीपलीकडच्या एका जंगलगावात मी चहाचा रिकामा डबा घेऊन गेलो होतो. डब्याला सुईनं पाडलेलं एक भोक, आत फोटोचा एकच कागद. पत्रकं काढणाऱ्या आमच्यासारख्यांकडे कॅमेरा कुठून असणार? हा डबा चांद्याच्या स्टुडिओवाल्यानं करून दिला होता आणि बजावलं होतं, "हललेलं येत नाही. लोकांना गप उभं कर."

मी ऐकलं नाही. सरकारी अहवालात गरीब माणूस कायम ओळीत उभा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मला त्याचं काम दाखवायचं होतं. वनखात्याचा नवा रेंजर सांगत सुटला होता की गावालगतच्या मोहाच्या झाडांकडे गावातलं कुणी फिरकत नाही, झाडं ठेकेदाराला द्यायला हरकत नाही. खरं तर मोहाची फुलं वेचून, वाळवून, त्यांवर गाव पावसाळा काढतं. चार दिवसांनी मोठ्या साहेबापुढे सुनावणी होती. एवढं धडधडीत खोटं एका फोटोनं गाडायचं, असं माझं ठरलं होतं.

उजाडता उजाडता गावातली सोळा माणसं टोपल्या घेऊन झाडांखाली आली.

"भाऊ, डब्यात चाय हाये का?" एका बाईनं विचारलं.

"फोटो आहे, बाई."

"मंग एकटाच पेऊन राह्यला का?"

सगळ्याजणी हसल्या. मी डबा दगडावर ठेवला, भोकावरची पट्टी काढली. कागदावर चित्र उमटायला दहा मिनिटं लागतात, म्हणून सहाशे मोजायला बसलो.

झाडांवर पान नव्हतं. फुलं मात्र टप टप पडत होती, अंगावर, टोपलीत, मोजलेल्या आकड्यांवर. त्या गोड, जड वासानं डोळे मिटायला लागले. वाकलेल्या पाठी उजेडात विरघळत होत्या आणि पुढच्या झाडाखाली पुन्हा तयार होत होत्या. एकच बाई तीन ठिकाणी दिसायची. तीनशेच्या पुढे कुठेतरी माझा आकडा हरवला. सगळ्यांत जाड बुंध्याला टेकून एक म्हातारी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "आयकून राह्यली. कोनाचं झाड किती पडते ते."

चांद्याला लाल दिव्याखाली कागद धुतला. आधी सगळं उलटं उमटतं, काळ्याचं पांढरं. पाण्यातून झाडं वर आली, खाली पांढरे चंद्र तरंगले. मग त्यावरून सुलटी प्रत निघाली. झाडं होती, टोपल्या होत्या, म्हातारी होती. बाकी पंधरा माणसं गायब. त्यांच्या जागी थोडासा धूर.

"सांगितलं होतं," स्टुडिओवाला म्हणाला.

मी भडकलो. आता काय उजेडही ठेकेदाराच्या बाजूचा? रेंजरला हवा होता तोच पुरावा मी स्वतःच्या हातानं तयार केला होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कबुली द्यायला गावात गेलो. म्हातारीला दिसणार नव्हतं, म्हणून तोंडानं सांगितलं: तू आहेस, झाडं आहेत, माणसांचा धूर झालाय.

"मले त रोज असंच दिसते," ती म्हणाली. "मानसं धुक्यावानी येतेत, जातेत. झाड रायते." मग थांबून म्हणाली, "झाडाखालचा काळा आला का?"

मी फोटो पुन्हा पाहिला. प्रत्येक बुंध्याभोवती काळा गोल होता. मी त्याला सावली समजलो होतो. फुलं पडायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालचा पाला जाळतं, भुई झाडून घेतं, म्हणजे फूल स्वच्छ जागी पडतं. लाल दिव्याखाली तरंगले ते चंद्र हेच.

"तो कोनं जाळला, इचार तुह्या सायबाले."

दुसऱ्या दिवशी सुनावणीत रेंजर फोटो बघून हसला. "यात माणूसच नाही."

मी म्हणालो, "मग एवढी झाडलोट वाघानं केली का?"

साहेबानं फोटो खिडकीजवळ नेला, बराच वेळ पाहिला. माझ्यासोबत आलेल्या गावच्या बायांना एकेक गोल बोटानं दाखवत गेला. हा कोणाचा? बाया न अडखळता घर सांगत गेल्या, आजसासऱ्यापासून. झाडं या हंगामात ठेकेदाराला देऊ नयेत असं त्यानं लिहून दिलं आणि फोटो फाइलला लावला.

बाहेर आल्यावर, त्या दिवशी डब्यात चहा विचारणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, आमी त त्यात नाईच. मंग सायबाले दिसलो कसे?"